विश्लेषण : ‘काही नाही, साधी गाठ आहे…’ प्रेमापोटी बोललेलं खोटं कुठपर्यंत चालतं?

रोजच्या लहानसहान थापांनी कुणाचं फारसं बिघडत नाही. पण आजारी माणसापासून त्याचाच आजार लपवला, तर त्याची किंमत कोण मोजतं?

तपासणीच्या खोलीत अण्णा खुर्चीवर बसलेले असतात. डॉक्टर बायॉप्सीचा रिपोर्ट उघडतात. अण्णांच्या पाठीमागे उभा असलेला मुलगा डॉक्टरांकडे बघत हळूच मान हलवतो. सांगू नका. डॉक्टर क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “अण्णा, तुम्ही जरा बाहेर बसता का? औषधांचं मुलाला समजावून देतो.” दहा मिनिटांनी मुलगा बाहेर येतो. “काय म्हणाले रे?” या प्रश्नाचं उत्तर त्याने तोवर तयार ठेवलेलं असतं. “काही नाही, साधी गाठ आहे. औषधांनी जिरेल.”

हा प्रसंग कुठल्या एका घरातला नाही, पण अनेक घरांना तो ओळखीचा वाटेल. या खोट्यात कुणाचा स्वार्थ नाही. मुलाचं वडिलांवर प्रेम आहे, डॉक्टरांना घरच्यांचं मन मोडवत नाही आणि अण्णांना त्या दिवशी शांत झोप लागते. मग यात चूक काय? प्रेमापोटी बोललेलं खोटं हे खोटं मानायचं का? आणि मानलं, तर रोजच्या आयुष्यात आपण ज्या डझनभर थापा सहज मारतो त्यांचं काय?

‘वेळ मारून नेणं’ म्हणजे नेमकं काय?

निरुपद्रवी, समोरच्याचं मन राखण्यासाठी बोललेल्या खोट्याला इंग्रजीत ‘व्हाइट लाय’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका असा एक शब्द नाही. थाप आहे, सबब आहे, बतावणी आहे. पण या सगळ्यांपेक्षा जवळ जाणारा वाक्प्रचार आहे ‘वेळ मारून नेणं’.

उदाहरणं हवी तेवढी सापडतात. अजून आंघोळही झालेली नसताना फोनवर “निघालोच, पाच मिनिटांत पोहोचतो” सांगणं. पोटात कावळे ओरडत असताना पाहुण्यांच्या घरी “जेवूनच आलोय” म्हणणं. खारट आमटीला “छान झालीय हो वहिनी” अशी दाद देणं. मेसेज वाचूनही “नेटवर्क नव्हतं” सांगणं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या आणि ही शेवटची सबब अवघड करून टाकली. मग लोकांनी निळ्या टिका बंद करायला सुरुवात केली, म्हणजे सबब सांगण्याची सोय परत मिळवली.

यातल्या अनेक थापा ऐकणाऱ्यालाही माहीत असतात. ठरवून होणाऱ्या लग्नांमध्ये “पत्रिका जुळत नाही” हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मुलगा किंवा मुलगी पसंत नाही, घर आवडलं नाही, दुसरीकडे बोलणी पुढे गेलीत, कारण काहीही असो, निरोप एकच. तो मिळाल्यावर पलीकडचे लोक पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जात नाहीत. त्यांना समजायचं ते समजतं. इथे वाक्य खोटं असलं तरी निरोप खरा पोहोचतो. कुणाचाही अपमान होत नाही आणि दोन्ही घरं पुढच्या स्थळाकडे वळतात.

अशा खोट्याला फसवणूक म्हणणं जड जातं. ती एक प्रकारची सांकेतिक भाषा आहे आणि बोलणारा व ऐकणारा दोघांनाही ती येते. अण्णांच्या मुलाने सांगितलेलं वाक्य वरवर याच जातीचं वाटतं. फरक इतकाच, की ही भाषा अण्णांना येत नाही. त्यांनी ते वाक्य खरं मानलेलं असतं.

माणसं दिवसात किती वेळा खोटं बोलतात?

या प्रश्नावर सर्वाधिक चर्चा झालेलं संशोधन अमेरिकेतलं आहे. मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन गटांच्या नोंदवह्यांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात ७७ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, तर दुसऱ्यात शहरातले ७० सर्वसामान्य रहिवासी. आठवडाभर आपण बोललेलं प्रत्येक खोटं त्यांनी लिहून ठेवायचं होतं. विद्यार्थी दिवसाला सरासरी दोनदा, तर दुसऱ्या गटातले लोक सरासरी एकदा खोटं बोलल्याचं दिसलं. बहुतेक थापा किरकोळ होत्या आणि त्याबद्दल फारशी टोचणीही कुणाला नव्हती.

या अभ्यासातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याचं मन राखण्यासाठी मारलेल्या थापांपेक्षा स्वतःची सोय पाहणाऱ्या थापा जास्त होत्या. म्हणजे “तुझ्या भल्यासाठीच बोललो” हे कारण आपण देतो त्यापेक्षा कमी वेळा खरं असतं.

२०१० मध्ये अमेरिकेतल्याच किम सेरोटा, टिमोथी लिव्हाइन आणि फ्रँक्लिन बोस्टर यांनी एक हजार प्रौढांच्या पाहणीतून आणखी वेगळं चित्र मांडलं. सरासरी दिवसाला दीड-पावणेदोन खोटी वाक्यं, अशी आली खरी. पण सुमारे ६० टक्के लोकांनी आदल्या २४ तासांत एकदाही खोटं बोललो नसल्याचं सांगितलं, आणि एकूण थापांपैकी जवळपास निम्म्या थापा जेमतेम पाच टक्के लोकांच्या नावावर होत्या. “सगळेच खोटं बोलतात” हे वाक्य म्हणूनच जपून वापरावं लागतं. अर्थात दोन्ही अभ्यास लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर उभे आहेत, आणि खोटं बोलण्याविषयी विचारल्यावर माणूस खरं बोलेलच असं नाही.

धर्मराज, कौशिक आणि कांट यांचं म्हणणं काय?

सत्य-असत्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतात धर्मराज युधिष्ठिर. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी अश्वत्थामा मेल्याचं ते सांगतात. मेलेला असतो त्या नावाचा हत्ती, आणि तो शब्द ते हलक्या आवाजात उच्चारतात. शब्दाला शब्द लावून पाहिला तर ते खोटं ठरत नाही. तरीही तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो. ऐकणाऱ्याची दिशाभूल करायची हे ठरवून बोललेलं अर्धसत्य महाभारताने असत्याच्याच खात्यात टाकलं.

त्याच महाभारतात, कर्णपर्वात, उलट बाजूची गोष्टही आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदैव सत्य बोलण्याचं व्रत घेतलेलं असतं. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेले लोक त्याच्यासमोरून रानात लपतात. मागून आलेले दरोडेखोर विचारतात, लोक कुठे गेले? कौशिक खरं सांगतो, लोक मारले जातात आणि व्रत पाळूनही कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो. तिचा अर्थ सरळ आहे : सत्य बोलताना त्याचा परिणाम कुणावर होणार हेही पाहायला हवं.

याच पेचावर जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये अगदी वेगळं उत्तर दिलं. मित्राच्या मागावर असलेला खुनी दारात येऊन पत्ता विचारत असेल, तरीही खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांनी लिहिलं. कांट यांच्या मते खोट्याने केवळ एका माणसाचं नुकसान होत नाही, माणसाच्या शब्दावरचा एकूण विश्वासच पोखरला जातो. त्यांचा हा निष्कर्ष अनेकांना टोकाचा वाटतो. कौशिकाची गोष्ट ऐकून मोठं झालेल्यांना तर जास्तच.

या दोन टोकांच्या मधली एक वापरण्याजोगी कसोटी सिसेला बोक यांनी १९७८ मधल्या ‘लाइंग’ या पुस्तकात मांडली. खोटं बोलायचं कारण आपण स्वतःशी नव्हे, तर चारचौघांत, समजूतदार माणसांसमोर मांडलं तर ते पटेल का, असं त्या विचारतात. मुख्य म्हणजे त्या चारचौघांमध्ये ज्याच्याशी खोटं बोललं जातंय त्याच्या बाजूने पाहणारा कुणीतरी हवा. कारण खोटं बोलणाऱ्याला त्याचा फायदा नेहमी मोठा आणि तोटा नेहमी लहान दिसतो.

खारट आमटीची दाद या कसोटीत आरामात पास होते. अण्णांची “साधी गाठ” होते का?

डॉक्टरांची भूमिका कशी बदलली?

हा प्रश्न फक्त भारतातला नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक पाहणी तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये त्याच नियतकालिकात पुन्हा तशीच पाहणी आली तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांनी सांगण्याला पसंती दिली. अठरा वर्षांत एका देशातल्या डॉक्टरांचं मत पूर्ण पालटलं. “आमच्या लोकांना असं खरं ऐकायची सवय नाही” हे वाक्य त्या देशातही एके काळी म्हटलं जात असणार.

भारतात डॉक्टरांच्या वर्तनासाठी २००२ मध्ये केलेल्या नियमावलीत रोगाच्या गांभीर्याबद्दल स्वतंत्र कलम आहे. रुग्णाच्या स्थितीचं गांभीर्य डॉक्टरांनी वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं ते म्हणतं. पण पुढे ही माहिती रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी, अशी रचना आहे. त्या ‘किंवा’मध्ये घरच्यांना आणि डॉक्टरांनाही पळवाट सापडते. मुलाला सांगितलं म्हणजे अण्णांना सांगितलं, असं धरलं जातं.

गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचं काम करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या क्षेत्रात या प्रकाराला ‘कोल्युजन’ म्हणतात. मराठीत त्याचा अर्थ संगनमत. शब्द कठोर आहे. गुन्हेगारीच्या बातम्यांमध्ये वाचायला मिळतो. इथे सगळे कट करतात तो मात्र प्रेमाचा.

घरच्यांची बाजू चुकीची आहे का?

घाईने तसं म्हणणं अन्यायाचं होईल. घरच्यांना सगळ्यात जास्त भीती असते ती एकाच गोष्टीची : “त्यांनी हाय खाल्ली तर?” आजारापेक्षा आजाराच्या नावानेच माणूस खचतो, जेवण सोडतो, उपचारांना नकार देतो, असा अनुभव अनेक घरांनी घेतलेला असतो. ज्या पिढीने ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ असं ऐकत आयुष्य काढलं, तिच्यासाठी तो शब्द म्हणजे निकाल असतो. रोग पहिल्या टप्प्यावर आहे की चौथ्या, हा प्रश्न त्यापुढे विचारलाच जात नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे. आपल्याकडे आजारपण एका माणसाचं नसतं, ते घराचं असतं. पैसे घर उभं करतं, रजा घर काढतं, डबा घर पोहोचवतं. मग दुःखाचं ओझंही घराने उचललं तर काय बिघडलं? दिग्दर्शिका लुलू वांग यांचा २०१९ मधला ‘द फेअरवेल’ हा चित्रपट नेमका या विचारावर उभा आहे. चीनमधल्या एका आजीला कर्करोग झाल्याचं कुणी सांगत नाही. तिला शेवटचं भेटता यावं म्हणून परदेशी गेलेलं कुटुंब एका लग्नाचं निमित्त करून जमतं. ही कथा वांग यांच्या स्वतःच्या घरातली आहे. आजीचं ओझं आपण वाहायचं, ही त्या कुटुंबाची समजूत मराठी घरांनाही परकी वाटणार नाही.

काही प्रसंगी तर खोटंच योग्य ठरतं. करोनाच्या लाटांमध्ये नवरा-बायको दोघंही वेगवेगळ्या वॉर्डांत दाखल असायचे. त्यातलं एक जण गेल्यावर, ऑक्सिजनवर असलेल्या दुसऱ्याने “त्यांची तब्येत कशी आहे?” विचारलं, तर “बरी आहे” याखेरीज काय सांगणार होते घरचे? श्वास सावरल्यावर सांगू, असं ठरवून ते खोटं बोलले. स्मृतिभ्रंश झालेली आजी दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांची वाट बघत दारात बसते, तेव्हा तिला रोज नव्याने खरं सांगणं म्हणजे रोज नव्याने तिचा नवरा मारणं. “येतील संध्याकाळपर्यंत, चला आपण चहा घेऊ” हे तिथे जास्त माणुसकीचं आहे.

या दोन्ही उदाहरणांत आणि अण्णांच्या उदाहरणात एक मोठा फरक आहे. ऑक्सिजनवरच्या रुग्णाशी बोललेलं खोटं काही दिवसांपुरतं होतं आणि खरं सांगण्याची वेळ ठरलेली होती. आजीला त्या माहितीवर कुठला निर्णय घ्यायचा नव्हता, घेताही आला नसता. अण्णा मात्र शुद्धीवर आहेत, व्यवहारात पक्के आहेत आणि त्यांना अनेक निर्णय घ्यायचे आहेत.

लपवण्याची किंमत कोण मोजतं?

पहिला निर्णय उपचारांचा. केमोथेरपीने आयुष्य काही महिन्यांनी वाढेल, पण त्यातला बराच काळ उलट्या, अशक्तपणा आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांमध्ये जाईल, अशी स्थिती असेल तर तो सौदा करायचा की नाही हे कुणी ठरवायचं? मुलगा “काहीही करा, पण वाचवा” म्हणेल. अण्णा कदाचित म्हणाले असते, “मला घरी न्या.” त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

दुसरा निर्णय पैशांचा. साध्या गाठीसाठी कुणी जमीन विकत नाही. अण्णांना कारण कळलेलं नसतं, त्यामुळे दागिने का मोडले, कर्ज का काढलं, हे त्यांच्यापासून लपवण्यासाठी आणखी चार थापा माराव्या लागतात. शेत कुणाच्या नावावर करायचं, धाकटीच्या लग्नासाठी काय ठेवायचं, भावाशी वर्षानुवर्षं बंद असलेलं बोलणं सुरू करायचं का, या सगळ्याला अण्णांच्या लेखी अजून भरपूर वेळ असतो.

तिसरी किंमत एकटेपणाची. माणूस मूर्ख नसतो. साध्या गाठीच्या रुग्णाचे केस गळत नाहीत. दर तीन आठवड्यांनी सलाइन लावत नाहीत. आणि मुंबईत परळला टाटा रुग्णालयात नेल्यावर गावाकडच्या माणसालाही कुणी वेगळं काही सांगावं लागत नाही; ‘टाटाला दाखवलं’ या दोन शब्दांत महाराष्ट्रात निदान कळतं. मग होतं असं, की अण्णांना कळलेलं असतं, पण मुलांना त्रास नको म्हणून ते विचारत नाहीत. मुलांना अण्णांना कळल्याचा संशय असतो, पण ती विषय काढत नाहीत. एकमेकांवर सर्वाधिक जीव असलेली माणसं शेवटचे महिने एकमेकांसमोर नाटक करत काढतात. रडायचं असेल तर प्रत्येकाला वेगवेगळ्या खोलीत जावं लागतं.

चौथी किंमत बायका मोजतात. रुग्ण बाई असेल, तर अनेकदा निदान आधी नवऱ्याला, मुलाला किंवा दिराला सांगितलं जातं. तिचं शरीर, तिची शस्त्रक्रिया, आणि तिला सांगायचं की नाही हे पुरुषांच्या बैठकीत ठरतं. “ती घाबरट आहे” हे कारण पुरतं. वर्षानुवर्षं घरातली प्रत्येक आजारपणं निभावलेल्या बाईला घाबरट ठरवताना कुणाला अडखळायला होत नाही.

‘वेळ मारून नेणं’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो. जी वेळ मारली जाते ती आजारी माणसाची असते, आणि त्याच्याकडे तीच कमी असते.

मोबाइलने काय बदललं?

पूर्वी रिपोर्टची जाड पिवळी पाकिटं मुलाच्या पिशवीत राहायची, त्यामुळे गुपितही पिशवीत राहायचं. आता नोंदणी करताना जो नंबर दिला असेल त्यावर प्रयोगशाळेची लिंक येते. विम्याच्या मंजुरीचा एसएमएस येतो आणि त्यात आजाराचं नाव असू शकतं. पुढच्या तपासणीची आठवण करून देणाऱ्या संदेशात विभागाचं नाव लिहिलेलं असतं : ऑन्कोलॉजी. तो शब्द कळला नाही तरी नातू शोधून देतो. औषधाच्या पट्टीवरचं नाव बोलून शोधलं, की पहिल्याच ओळीत उत्तर मिळतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी आत्या “अण्णांसाठी प्रार्थना करा” असं टाकून मोकळी होते आणि त्या ग्रुपमध्ये अण्णाही असतात.

म्हणजे ‘सांगायचं की नाही’ हा पर्याय घरच्यांच्या हातात आता पूर्वीइतका उरलेला नाही. उरलेला पर्याय आहे ‘कुणाकडून कळावं’ हा. मुलाने हात हातात घेऊन सांगावं, की रात्री अकरा वाजता अंथरुणात एकट्याने पडद्यावर वाचावं? दुसऱ्या प्रकारे कळतं तेव्हा आजाराच्या धक्क्यासोबत आणखी एक धक्का बसतो. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, हा. त्यानंतर “आता बरं वाटेल” असं कुणी मनापासून सांगितलं तरी त्यावर विश्वास बसत नाही. मनाला उभारी देण्यासाठी ज्या शब्दांची सर्वाधिक गरज असते, ते शब्द तोवर वापरून संपलेले असतात.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मधल्या एका निकालात स्पष्ट केलं. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय आणि बीजांडकोश तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. तातडीने जीव वाचवण्याची स्थिती नव्हती आणि मुलगी शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. त्यामुळे आईची संमती ग्राह्य धरता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. संमती खरी ठरायची तर रुग्णाला पुरेशी माहिती हवी, हेही त्यात आलं. ‘साधी गाठ’ समजून केमोथेरपीच्या अर्जावर केलेली सही या मापाने किती खरी?

दुसरा निकाल मार्च २०१८ मधला. सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करत घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया न्यायालयाने सोपी केली. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे माणूस आता स्वतः लिहून ठेवू शकतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहिती मिळण्याचा हक्क आहे. पण आपण गंभीर आजारी आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो हे हक्क वापरणार कसे?

मग सगळं तोंडावर सांगून टाकायचं का?

नाही. खरं बोलणं आणि फटकन बोलणं यात फरक आहे. “चौथी स्टेज आहे, सहा महिने” असं चालत्या वॉर्डात सांगून पुढच्या खाटेकडे वळणाऱ्या माणसाने सत्याची बाजू राखली असं कुणी म्हणणार नाही. काही रुग्णांना खरोखरच सगळं जाणून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. “मला काही सांगू नका, मुलीशी बोला” असं एखाद्या आजीने म्हटलं तर तिचं ऐकायलाच हवं. मुद्दा एवढाच, की हे तिने म्हणायला हवं. तिच्या वतीने दुसऱ्याने गृहीत धरायला नको.

वाईट बातमी कशी सांगावी यासाठी कर्करोगतज्ज्ञांमध्ये ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० सालापासून प्रसिद्ध आहे. तिच्यातली शहाणपणाची गोष्ट क्रमात आहे. आधी निवांत जागा आणि वेळ काढायची. मग रुग्णाला आजाराबद्दल काय वाटतंय ते विचारायचं. त्यानंतर त्याला किती जाणून घ्यायचं आहे ते विचारायचं. सांगण्याची पाळी येते ती यानंतर, आणि सोप्या शब्दांत, थोडं थोडं. पुढे त्याच्या भावनांना जागा द्यायची आणि शेवटी आता काय करायचं ते मिळून ठरवायचं. म्हणजे बोलण्याआधी दोन वेळा ऐकायचं.

घरातही हे जमण्यासारखं आहे. “बाबा, तुम्हाला काय वाटतं, कशामुळे होतंय हे?” या एका प्रश्नाने सुरुवात होऊ शकते. अनेकदा उत्तर ऐकून मुलंच चकित होतात, कारण वडिलांनी अंदाज केव्हाच बांधलेला असतो. “रिपोर्ट आलाय, सगळं सविस्तर ऐकायचंय की उपचारांपुरतं?” हा दुसरा प्रश्न. किती महिने उरलेत हा आकडा सांगणं मुळीच गरजेचं नसतं. डॉक्टरांनाही तो नेमका सांगता येत नाही. “गाठ साधी नाही. उपचार आहेत. आम्ही सोबत आहोत.” ही तीनही वाक्यं खरी आहेत आणि तिसरं वाक्य खरं वाटायचं असेल तर पहिलंही खरं असावं लागतं.

डॉक्टरांनाही यात वेळ द्यावा लागेल. ओपीडीबाहेर शंभर जण रांगेत असताना हे अवघड आहे, हे मान्य. पण मुलाने मान हलवल्यावर “ठीक आहे” म्हणण्याऐवजी “मी स्वतःहून काही बोलणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही” एवढं म्हणायला अर्धा मिनिट पुरतो.

तर मग कोणतं खोटं चालतं?

रोजच्या थापा आणि आजारपणातलं खोटं एकाच तराजूत तोलता येईल अशा तीन गोष्टी यातून हाती लागतात. एक, हे खोटं उद्या उघड झालं तर ऐकणारा “बरं केलंस” म्हणेल का? आमटीबद्दल वहिनी हसतील. साध्या गाठीबद्दल अण्णा काय म्हणतील, याचा अंदाज मुलाला आतून असतोच. दोन, या खोट्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातून एखादा निर्णय जातोय का? जात असेल तर ते खोटं लहान राहत नाही, हेतू कितीही चांगला असो. आणि तीन, या खोट्याने नेमकी कुणाची सुटका होतेय? “त्यांना सहन होणार नाही” या वाक्यात बऱ्याचदा “मला सांगवणार नाही” हे दडलेलं असतं. तसं वाटण्यात लाज नाही. वडिलांसमोर तो शब्द उच्चारणं कुठल्याही मुलासाठी कठीणच. पण मग निदान स्वतःशी तरी ते खरं म्हणावं.

पाच मिनिटांत पोहोचतो म्हणणारा माणूस वीस मिनिटांनी का होईना पोहोचतो, म्हणून त्याची थाप खपते. अण्णांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. रिपोर्ट पिशवीत आहे, रिक्षा घराच्या दिशेने निघाली आहे आणि अण्णांनी पुन्हा एकदा विचारलंय, “खरंच काही नाही ना रे?” या प्रश्नातला ‘खरंच’ ऐकू आला, तर उत्तर द्यायला अजून उशीर झालेला नाही.